चिकटवलेली लाकडी खुर्ची पुन्हा पुन्हा का डुगडुगते? सांधा मुळापासून दुरुस्त करण्याची पद्धत

तक्रार जवळपास प्रत्येकाची सारखीच असते. खुर्ची हलायला लागली म्हणून सांध्याच्या फटीत गम सोडला, दोरीने आवळून रात्रभर ठेवली. काही महिने छान चालली आणि परत हलायला लागली. मग पुन्हा गम, पुन्हा दोरी, आणि या वेळी ती आधीपेक्षा लवकर सुटली. शेवटी कोणीतरी वैतागून दोन खिळे ठोकतं. त्यानंतर खुर्ची हलतेच, शिवाय आता लाकूडही चिरलेलं असतं.

दोष बहुतेक वेळा गमाच्या कंपनीचा नसतो आणि लाकडाचाही नसतो. गम लाकडापर्यंत पोचलेलाच नसतो. फटीतून सोडलेला नवा गम आत जाऊन जुन्या, वाळलेल्या गमावर बसतो, आणि वाळलेल्या गमावर नवा गम धरत नाही. म्हणून ही दुरुस्ती सांधा न उघडता करायची असं ठरवलं की ती पुन्हा करावी लागणार हेही तेव्हाच ठरतं. सांधा पूर्ण उघडायचा, लाकूड उघडं दिसेपर्यंत साफ करायचा, राहिलेली पोकळी लाकडानेच भरायची आणि मग चिकटवायचं. काम एका सुट्टीच्या दिवसाचं आहे, वाळायचा वेळ वेगळा. नीट केलं तर पुढची कित्येक वर्षं त्या खुर्चीला हात लावावा लागत नाही.

आधी नक्की काय हलतंय ते शोधा

खुर्ची डुगडुगते म्हणजे सांधा ढिला आहेच असं नाही. सपाट जमिनीवर ठेवून एका कोपऱ्यावर दाबा. संपूर्ण खुर्ची एकसंध राहून एका पायावरून दुसऱ्यावर कलत असेल, तर एक तर जमीन सरळ नाही किंवा पाय समान नाहीत. खुर्ची चौथाई फिरवून पुन्हा दाबा. उचललेला पाय तोच राहिला तर दोष खुर्चीत, बदलला तर जमिनीत. मात्र लगेच करवत घेऊन पाय कापायला बसू नका. मागच्या दुरुस्तीत खुर्ची तिरकी असतानाच गम वाळला असेल तरीही पाय असमान दिसतात. सांधे सरळ बसवले की ते आपोआप जुळतात. आधी कापलेला पाय मात्र परत वाढवता येत नाही.

सांधे तपासायला खुर्ची टेबलावर जाड कापड टाकून उलटी ठेवा. एका हाताने मागचा पाय आणि दुसऱ्या हाताने बैठकीखालची बाजूची आडवी पट्टी धरून दोन्ही दिशांना हलवा. जिथे पट्टी पायाला भिडते त्या रेघेवर बोटाचं टोक आडवं ठेवा. डोळ्यांना दिसत नाही इतकी हालचालही बोटाला कळते. जो सांधा बऱ्याच दिवसांपासून हलतो आहे तिथे पॉलिशमध्ये केसासारखी काळी रेघ असते. पॉलिश फाटून तिच्यात मळ बसलेला असतो. हलणाऱ्या प्रत्येक सांध्याला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. एकच सांधा हलतो असं वाटून काम सुरू केलं तरी तपासल्यावर निदान दोन-तीन निघतात, कारण एक ढिला झाला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो.

सगळ्यात आधी सुटतात ते मागचे पाय आणि बाजूच्या पट्ट्या यांचे सांधे. याचं कारण सरळ आहे. माणूस पाठ टेकतो तेव्हा पाठीचा वरचा भाग लांब दांड्यासारखा काम करतो आणि सगळा जोर बैठकीच्या उंचीवरच्या त्या सांध्यावर येतो. पाठ बैठकीपासून अर्धा मीटर वर जाते, आणि तिला तोलून धरणारं कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाला कोरलेली आणि पायातल्या खाचेत शिरणारी जीभ, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांब असते. मागच्या दोन पायांवर रेलून झुलायची सवय असेल तर हाच जोर कितीतरी पटीने वाढतो.

बैठकीखाली कोपऱ्यांत तिकोनी लाकडी ठोकळे असतात, तेही बघा. बऱ्याच खुर्च्यांमध्ये हे ठोकळे स्क्रूने बसवलेले असतात आणि स्क्रू नुसते सैल झालेले असतात. ते आवळल्यावर खुर्ची स्थिर झाली तर तुमचं काम तिथेच संपलं. पण ठोकळ्याची गमाने चिकटलेली बाजू सुटलेली असेल, किंवा स्क्रू नुसता फिरत राहत असेल, तर ठोकळा काढून ठेवा; तो शेवटी परत बसवायचा आहे.

वाफेने वाकवलेल्या गोल लाकडाच्या खुर्च्या हा वेगळा प्रकार आहे. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये आणलेल्या १४ क्रमांकाच्या खुर्चीचे लाकडाचे सहा भाग स्क्रू आणि नट-बोल्टनी जोडलेले असतात. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात पाठवत आणि पोचल्यावर जोडत. त्या धाटणीची खुर्ची हलत असेल तर गमाची बाटली बाजूला ठेवा आणि खालचे स्क्रू आवळा. तिथे गम घालून ठेवला तर पुढच्या वेळी आवळायलाही जागा उरत नाही.

आणखी दोन गोष्टी उजेडात नीट बघून घ्या. एक म्हणजे पायाला खाचेपासून वर किंवा खाली जाणारी बारीक चीर. चीर असेल तर आधी ती चिकटवून आवळायची, पूर्ण वाळू द्यायची, सांधा नंतर. दुसरी म्हणजे सांध्यातून किंवा टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून पडणारी पिठासारखी बारीक पूड. ती ताजी, फिकट रंगाची आणि झटकल्यावर पुन्हा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. आधी किडीचा बंदोबस्त करा. पोखरलेल्या कुसवावर गम कितीही चांगला लावला तरी लाकूडच तुटतं.

सांधा सुटण्यामागचं कारण

हे समजून घेतलं तर पुढच्या पायऱ्या का करायच्या ते आपोआप कळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं, आणि त्यानुसार फुगतं आणि आकसतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही. रेष्यांच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. रेष्यांना आडव्या दिशेत पडतो. सागवान या बाबतीत शांत लाकूड समजलं जातं, तरी ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वाढवर्तुळांच्या दिशेत साधारण ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के आकसतं. घरातल्या खुर्चीत इतका टोकाचा बदल होत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेली की लाकडातला ओलावा साधारण ६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर जातो. ५० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी कुसवाचा हिशेब केला तर एवढ्यानेच रुंदीत जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो.

आता कुसू आणि खाच एकमेकांसमोर कसे येतात ते बघा. पट्टीचे रेषे आडवे, पायाचे उभे. दमट हवेत कुसू रुंदीत फुगतं, पण ज्या खाचेत ते बसलंय तिची उंची पायाच्या रेष्यांच्या दिशेत असल्याने ती वाढत नाही. फुगायला जागा नाही म्हणून कुसवाच्या कडेचे रेषे चिरडले जातात. हवा कोरडी झाली की कुसू आकसतं, आणि चिरडलेले रेषे परत उभे राहत नसल्यामुळे ते मूळ मापापेक्षाही लहान होतं. सैल झालेला हातोडीचा दांडा पाण्यात भिजवला की तात्पुरता घट्ट होतो आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होतो, त्यामागे हेच कारण आहे. त्यात भर म्हणून गमाचा पातळ थर दोन वेगवेगळ्या दिशांना हलणाऱ्या लाकडांमध्ये ओढला जात असतो. चांगला, पातळ, लाकडात मुरलेला थर हे वर्षानुवर्षं सहन करतो. जाडसर, पोकळीत लोंबकळणारा थर तडकतो.

पांढऱ्या गमाची, म्हणजे बोलताना आपण सरसकट ज्याला फेविकॉल म्हणतो त्या प्रकारच्या गमाची, ताकद या पातळपणातच आहे. दोन लाकडं एकमेकांना नीट भिडलेली असतील तर तो लाकडापेक्षाही मजबूत धरतो. फट अर्ध्या मिलिमीटरची झाली की त्याच्यातलं पाणी उडून तो आकसतो आणि आत पोकळ्या राहतात. म्हणून भरपूर गम ओतणं हा सैल सांध्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

गोल टोकाच्या दांड्या, म्हणजे पायांच्या मधल्या आडव्या दांड्या किंवा पाठीचे गज, त्या मानाने लवकर सुटतात. चौकोनी कुसवाचे दोन रुंद गाल, म्हणजे त्याच्या रुंद सपाट बाजू, खाचेच्या भिंतींना सपाट भिडतात आणि तिथे गम उत्तम धरतो. गोल भोकाच्या आतल्या भिंतीवर मात्र बऱ्याच भागात रेष्यांची कापलेली तोंडं असतात. ती गम पिऊन टाकतात आणि धरत नाहीत. उरलेल्या थोड्याशा जागेवर सगळा भार येतो.

सांधा उघडणं

उघडण्यापूर्वी प्रत्येक भागावर कागदी चिकटपट्टी लावून खूण करा: डावा, उजवा, पुढचा, मागचा, आणि कोणतं टोक कोणत्या पायात. चारही पट्ट्या सारख्या दिसतात, पण वर्षानुवर्षं त्या आपापल्या खाचेतच बसलेल्या असतात आणि दुसऱ्या खाचेत नीट बसत नाहीत. मोबाइलवर दोन-चार फोटोही काढून ठेवा.

मग लपलेले खिळे शोधा. लांबी (पुट्टी) भरून वर पॉलिश केलेले छोटे ठिपके दिसतात तिथे आत बहुधा चूक, म्हणजे बिनडोक्याचा बारीक खिळा, असते. लोहचुंबक दोऱ्याला बांधून सांध्याभोवती फिरवला की तो तिथे ओढला जातो. चूक काढल्याशिवाय ठोकलंत तर कुसू फाटतं. तिच्याभोवतीचं लाकूड टोकदार पटाशीने थोडं कोरून पकडीने ओढून काढा.

ठोकायला रबरी किंवा लाकडी हातोडा घ्या आणि मध्ये मऊ लाकडाचा ठोकळा धरा. ठोका सांध्याच्या अगदी जवळ द्या. लांबून दिला तर पट्टी झुलते आणि आत कुसू तिरकं अडकतं. खऱ्या अर्थाने ढिला सांधा तीन-चार हलक्या ठोक्यांत निघतो. निघत नसेल तर जोर वाढवू नका. पांढरा गम उष्णतेने आणि व्हिनेगरने मऊ पडतो: कोमट व्हिनेगर इंजेक्शनच्या सिरिंजने फटीत थेंब थेंब सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, हेअर ड्रायरने सांधा गरम करा आणि मग अलगद हलवत काढा. व्हिनेगर पॉलिशवर ओघळला तर पांढुरका डाग पडू शकतो, तेव्हा कापड हाताशी असू द्या. जुन्या खुर्चीत सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गम, वापरलेला असेल तर नुसतं गरम पाणी आणि उष्णता पुरते. सरस ओळखायला सोपा: तपकिरी, काचेसारखा ठिसूळ, आणि गरम पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळला की चिकट होतो.

जे सांधे घट्ट आहेत ते सोडून द्या. पुढचे दोन पाय आणि त्यांच्यामधली पट्टी पक्की असेल तर तो पुढचा भाग एकसंध राहू द्या. सगळी खुर्ची सुटी करायचा मोह होतो, पण चांगला सांधा बळाने उघडताना मोडतो तो मोडतोच.

सांधा निघाला की लगेच घासायला घेऊ नका. आधी त्याच्याकडे नीट बघा, कारण मागची दुरुस्ती का फसली ते तिथे लिहिलेलं असतं. कुसवावर गमाचा गुळगुळीत, चकचकीत थर आहे आणि त्यावर लाकडाचा एक रेषाही चिकटलेला नाही, तर गम जुन्या थरावर लावला होता किंवा जोडण्याआधीच त्याच्यावर साय धरली होती. थर खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत असेल तर काम फार थंड हवेत झालं होतं. १० अंश सेल्सिअसच्या खाली बरेचसे पांढरे गम नीट जमत नाहीत. गम फक्त कुसवाच्या मुळाशी गोळा झाला आहे आणि टोक कोरडं आहे, तर तो फक्त खाचेच्या तोंडाशी लावला होता आणि आत शिरताना पुसला गेला. आणि गमाला लाकडाचे तुटलेले रेषे चिकटून आले असतील तर गमाने आपलं काम चोख केलं. लाकूड तुटलं, म्हणजे भार जास्त होता किंवा कुसू आखूड आहे. अशा सांध्याला नुसता गम पुरणार नाही, पाचर किंवा कोपऱ्यातला ठोकळा लागेल.

साफ करणं: खरं काम इथेच आहे

कुसवाचे गाल धारदार पटाशी सपाट धरून खरवडा. पटाशी ढकलायची नाही, जवळजवळ उभी धरून स्वतःकडे ओढायची. गमाचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालून लाकडाचा मॅट, जरा उजळ रंग दिसतो. जिथे अजून चमक दिसते तिथे गम आहे. शंका असेल तर ओलसर बोट फिरवा: उघडं लाकूड लगेच ओल शोषून गडद होतं, गमाचा डाग तसाच राहतो. ही एक चाचणी प्रत्येक गालावर करा. साफ झालंय असं डोळ्यांना वाटतं तेव्हाही निम्मा गम शिल्लक असतो.

पॉलिश पेपरने घासायचा मोह टाळा. पेपर गमावर घसरतो आणि शेजारचं लाकूड खातो; कडा गोल होतात, कुसू बारीक होतं आणि आधीच सैल असलेला सांधा आणखी सैल होतो. पेपर अगदी शेवटी, एक-दोन हात, एवढाच.

खाचेच्या आत अरुंद पटाशी भिंतीला लावून वरून खाली खरवडा. तळाशी साचलेला गमाचा गोळा नक्की काढा. तो राहिला तर कुसू पूर्ण आत जात नाही, खांद्याशी, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या पट्टीच्या कडेशी, फट राहते, आणि ती फट बघून माणूस आणखी जोराने आवळत बसतो. गोल भोकासाठी तेवढ्याच जाडीची काडी घेऊन तिच्यावर ८० नंबरचा पेपर गुंडाळा आणि फिरवत गम काढा. ड्रिलने भोक मोठं करून साफ करू नका.

व्हिनेगर किंवा पाणी वापरलं असेल तर सगळे भाग निदान एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या. ओल्या, फुगलेल्या कुसवावर सांधा छान घट्ट बसतो आणि वाळल्यावर पुन्हा ढिला पडतो. याच कारणाने हवा कोरडी असताना ही दुरुस्ती केलेली चांगली.

गम न लावता बसवून बघा

साफ झालेला सांधा कोरडाच जोडा. कुसू हाताने दाबून बहुतेक आत जावं आणि शेवटचा थोडा भाग हलक्या ठोक्याने बसावा. पट्टी उचलून धरल्यावर पाय स्वतःच्या वजनाने गळून पडत असेल तर सांधा सैल आहे. इथेच बहुतेक लोक काडेपेटीची काडी, कागद किंवा भुसा आणि गम यांचा लगदा भरतात. लगद्यात लाकडाचे कण एकमेकांना धरून नसतात, फक्त गमात तरंगत असतात. वाळल्यावर तो कडक लागतो, पण भाराखाली भुगा होतो. कागद तर स्वतःच मधून फाटतो.

पोकळी भरायला लाकडाचा पातळ पापुद्रा घ्या: रंध्यातून निघालेला सलग छिलका किंवा विनियरची पट्टी. पापुद्र्याचे रेषे कुसवाच्या रेष्यांच्याच दिशेत हवेत. तो कुसवाच्या रुंद गालावर गम लावून चिकटवा, वर प्लास्टिकचा कागद आणि सपाट ठोकळा ठेवून क्लॅम्पने दाबा, वाळू द्या, आणि मग पटाशीने किंचित खरवडत मापात आणा. फट मोठी असेल तर दोन्ही गालांना सारखे पापुद्रे लावा, नाहीतर पट्टी एका बाजूला सरकते आणि पायाशी खांदा जुळत नाही. अरुंद कडांकडची फट भरत बसायची तेवढी गरज नाही. तिथे समोर रेष्यांची तोंडं असतात आणि गम फारसा धरतच नाही.

गोल दांडीसाठी पाचर जास्त चांगली. दांडीच्या टोकाला बारीक करवतीने चीर द्या, साधारण आत जाणाऱ्या लांबीच्या दोन-तृतीयांश. तिच्यात कठीण लाकडाची चपटी पाचर अर्धवट बसवा. दांडी भोकात ठोकली की पाचर भोकाच्या तळाला टेकून चिरेत शिरते आणि टोक आतून फाकतं. चिरेची दिशा इथे फार महत्त्वाची: ती पायाच्या रेष्यांना आडवी हवी, म्हणजे फाकण्याचा जोर पायाच्या लांबीच्या दिशेत जातो. चीर रेष्यांना समांतर ठेवली तर पाचर पाय उभा फाडते. पाचर अंमळ आखूड आणि बारीकच ठेवा. जाड झाली तर दांडी अर्ध्यात अडकेल आणि ना आत जाईल ना बाहेर येईल.

कोणता गम

रोजच्या वापरातल्या खुर्चीला, सांधा नीट बसत असेल तर, साधा पांढरा किंवा पिवळसर लाकडी गम पुरेसा आहे. महागडा काही लागत नाही.

दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी फट भरून धरतो, म्हणून कुसू फार खाल्लेलं असेल आणि पापुद्रा लावणं जमणार नसेल तिथे तो वापरा. पाच मिनिटांत जमणाऱ्यापेक्षा सावकाश जमणारा घ्या, तो जास्त मजबूत असतो. पण इपॉक्सीचा सांधा पुन्हा उघडणं महाकठीण. जुनं, सरसाने जोडलेलं चांगलं फर्निचर असेल तर त्यात इपॉक्सी घालू नका अशी माझी विनंती आहे. तिथे सरसच वापरा. नवा गरम सरस जुन्या सरसाला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो आणि पुढच्या दुरुस्तीचा रस्ता मोकळा राहतो.

फेसाळणारा पॉलीयुरेथेन गम फुगून फट भरतो आणि बघणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं. त्या फेसात ताकद नसते. सुपर ग्लू पटकन धरतो, पण तो ठिसूळ असल्याने धक्के आणि पिळा खाणाऱ्या खुर्चीच्या सांध्यात टिकत नाही. हे दोन्ही या कामासाठी नकोत.

जोडणं आणि आवळणं

पांढरा गम उघड्यावर पाच-दहा मिनिटांत साय धरतो, म्हणून आठ सांधे एकदम जोडायला घेऊ नका. आधी पाठीचा भाग जोडा आणि वाळू द्या, मग पुढचा, आणि शेवटी दोन्ही भाग बाजूच्या पट्ट्यांनी एकत्र आणा. गम कुसवाच्या गालांना आणि खाचेच्या भिंतींना, दोन्हीकडे, लहान ब्रशने पातळ लावा. खाचेच्या तळाशी ओतू नका. कुसू पिस्टनसारखं आत जातं आणि अडकलेला गम आणि हवा पायाला आतून चीर पाडू शकतात. गोल दांडीच्या अंगावर पटाशीने एक बारीक उभी खोबण काढून ठेवली तर हवा आणि जादा गम तिथून निघून जातो.

लांब क्लॅम्प नसतील तर दोरी पुरते. मजबूत दोरीचा दुहेरी फेरा बैठकीच्या उंचीवर चारही पायांभोवती घ्या, मध्ये काठी घालून पिळा आणि काठी पट्टीच्या मागे अडकवा. जिथे दोरी लाकडावर येते तिथे जाड कापडाच्या घड्या ठेवा, नाहीतर पॉलिशवर दोरीचा ठसा उमटतो. खांदा पायाला भिडला आणि रेघभर गम बाहेर आला की थांबा. आणखी पिळलंत तर पट्टी वाकते आणि सांध्यातला सगळा गम बाहेर पिळून निघतो.

आवळल्यावर लगेच, गम ओला असतानाच, दोन्ही कर्ण मोजा: पुढच्या डाव्या पायापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि त्याच्या उलट. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून सरळ करा. खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून बैठकीवर वजन ठेवा, चारही पाय टेकले पाहिजेत. बाहेर आलेला गम ओलसर कापडाने पुसून घ्या. राहिला तर तिथे नंतर पॉलिश धरत नाही आणि फिकट डाग दिसतो.

क्लॅम्प तासाभरात काढता येतात, पण खुर्चीवर २४ तास कोणालाही बसू देऊ नका. पाहुणे आले तरी नाही. अर्धवट वाळलेला सांधा एकदा हलला की तो थर कायमचा तडकतो आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

कोपऱ्यातले ठोकळे सगळ्यात शेवटी. त्यांच्या दोन्ही बाजू खरवडून साफ करा, गम लावा, आणि स्क्रूची जुनी भोकं मोठी झाली असतील तर त्यांत कठीण लाकडाची खुंटी गमाने बसवून, वाळल्यावर नवं बारीक भोक पाडून स्क्रू लावा. ज्या खुर्चीत ठोकळे नव्हतेच तिच्यात नवे बसवा. इतक्या कमी कष्टात इतकी मजबुती दुसऱ्या कशाने येत नाही.

भुशाच्या बोर्डाचं फर्निचर

पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफच्या फर्निचरला वरचं बरंचसं लागू होत नाही. तिथे रेषेच नसतात. फिरवून आवळायची धातूची लॉक सैल झाली असतील तर ती आवळा. भोक भुगा झालं असेल तर साफ करून इपॉक्सीने लाकडी खुंटी बसवा आणि त्यात नवा स्क्रू घ्या. पाण्याने फुगलेला बोर्ड वाळल्यावर पूर्ववत होत नाही, तेव्हा तो भाग बदलण्यातच शहाणपण आहे.

एकच सांधा ढिला, बाकी सगळे पक्के

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो खरोखर अवघड आहे. बाकी सांधे इतके घट्ट असतात की हा एक उघडायला जागाच मिळत नाही. आधी बघा, पट्टी पाच-सहा मिलिमीटर तरी मागे सरकते का. दोन पायांच्या मध्ये लाकडी पट्टी आणि पाचर अडकवून हळूहळू फाकवलं तर बऱ्याचदा तेवढी जागा होते. मग पातळ पातं किंवा अरुंद पटाशी आत घालून कुसवाचे गाल जितके पोचतील तितके खरवडा आणि सिरिंजने दोन्ही बाजूंना गम सोडा.

तेवढंही सरकत नसेल तर पायाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने खाचेपर्यंत दोन मिलिमीटरची दोन छिद्रं पाडा, एक गम आत सोडायला आणि एक हवा बाहेर यायला. पातळ इपॉक्सी एका छिद्रातून सोडा, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत. इथे पांढरा गम उपयोगाचा नाही. आत जुना गम असल्यामुळे हा सांधा उघडून केलेल्या सांध्याइतका टिकणार नाही. म्हणून त्याच वेळी त्या कोपऱ्यात आतून तिकोनी ठोकळा गम आणि स्क्रू लावून बसवा, म्हणजे भार ठोकळ्यावर जाईल. आणि हा सांधा पुन्हा हलायला लागला, तर तोवर शेजारचाही ढिला झालेला असतो; तेव्हा दोन्ही एकत्र उघडून वरची पूर्ण दुरुस्ती करा.